विमानाचे शेअर आणि मातीला निघालेली माणसं

जव्हारचे शेवटचे राजे हवाई दलात होते, ही गोष्ट जव्हारबाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते. यशवंतराव मुकणे हे त्यांचं नाव. घराणं महादेव कोळ्यांचं, गादी चौदाव्या शतकातली. लहान वयात गादीवर आलेला हा राजा दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात गेला आणि फ्लाइट लेफ्टनंट झाला. पुढे १९४८ साली संस्थान विलीन झालं, ठाणे जिल्ह्यातला एक तालुका झालं, आणि राजेसाहेब यथावकाश लोकसभेत जाऊन बसले. जयविलास राजवाडा बघायला जाणारे पर्यटक भिंती, झुंबरं आणि दरीचं दृश्य बघून परत येतात. मला मात्र तिथे गेलं की हटकून ते विमान आठवतं. ज्या मुलखात आजारी माणसाला झोळी बांधून, काठीला लटकवून खांद्यावरून उतरवायचे, त्या मुलखाचा राजा आकाशातून फिरून आला होता!

शेजारचा मोखाडा तर संस्थानातही नव्हता. तो ब्रिटिशांचा, ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याचा एक पेटा. म्हणजे एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला साहेब, आणि रस्त्याच्या नावाने दोन्हीकडे सारखीच बोंब. आता दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत (जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला). रस्तेही बरेच झालेत. तरी पावसाळ्यात डोलीची बातमी आली नाही असं वर्ष विरळा.

आता हे सगळं डोक्यात यायचं कारण सांगतो. माझा एक भाचा नोकरीला लागलाय, पगार बरा आहे, आणि हल्लीच्या पोरांप्रमाणे त्याला महिन्याला थोडे पैसे शेअरमध्ये घालायचे आहेत. त्याने मला विचारलं, मामा, विमान कंपनीत पैसे घालावेत का? देशात प्रवासी वाढतायत, नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरूही झाला, आपल्या पालघरमध्ये वाढवणच्या समुद्रात भर घालून आणखी एक करायचा म्हणतात. मग हा धंदा वाढणारच ना? प्रश्न साधा होता. मी इतिहास चाळायला बसलो आणि भलतीकडेच पोचलो. त्याला उत्तर द्यायचं सोडून तुम्हाला लिहितोय.

सुरुवात तशी छान आहे. १५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीहून एकट्याने पस मॉथ हे इवलंसं विमान उडवत अहमदाबादमार्गे जुहूला आले. बरोबर टपालाच्या थैल्या. टाटांनी या उद्योगात घातलेलं भांडवल होतं दोन लाख रुपये. सरकारने अनुदान द्यायचं नाकारलं होतं, जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलात जायचं म्हणून विमानं पुण्याला हलवावी लागायची, आणि तरी पहिल्या वर्षी साठ हजारांचा नफा झाला. गुंतवणूक म्हणून बघितलं तर हेवा वाटावा असाच आकडा. पण तो नफा टपालाचा होता हे लक्षात ठेवायला हवं. त्या पहिल्या वर्षात प्रवासी जेमतेम दीडशेच्या आसपास होते. पत्र उशिरा पोचलं तर रडत नाही, मधल्या गावात चहा मागत नाही.

युद्ध संपल्यावर मात्र झुंबड उडाली. अमेरिकन सैन्याची डकोटा विमानं भंगाराच्या भावात मिळायला लागली आणि ज्याच्या खिशात चार पैसे तो विमान कंपनी काढायला निघाला. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनसारख्या जहाजवाल्यांचीही एक होती, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया. परवाने जास्त, प्रवासी कमी. काही कंपन्या दोन-तीन वर्षांतच मिटल्या, उरलेल्या कर्जात. १९५३ साली सरकारने सगळ्या ताब्यात घेतल्या, देशातल्या देशात उडणाऱ्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स झाली, परदेशी जाणारी एअर इंडिया वेगळी राहिली.

पुढची चाळीस वर्षं गुंतवणूकदाराच्या दृष्टीने शून्य. शेअरच नव्हते तर काय घेणार! पण प्रवाशाच्या दृष्टीने त्या काळातली एक गोष्ट आज विसरली गेली आहे. मुंबई-दिल्लीचं भाडं ठरलेलं असायचं. महिनाभर आधी काढा की आदल्या दिवशी, तेच. तिकीट महाग होतं, सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं, जागा मिळायला ओळख लागायची, हे सगळं खरंच. पण तुमची आई गेली आहे म्हणून तुम्हाला तिप्पट पैसे पडले, असं होत नव्हतं.

ते व्हायला लागलं त्याची जन्मकथा अमेरिकेतली आहे. तिथे १९७८ साली कायदा होऊन भाड्यावरचं सरकारी नियंत्रण उठलं. १९८१ साली पीपल एक्सप्रेस नावाची एक स्वस्त कंपनी निघाली, तिने मोठ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं. अमेरिकन एअरलाइन्सने जानेवारी १९८५ मध्ये त्याला जे उत्तर दिलं ते आजही जगभर चालतं. आपणही तितकंच स्वस्त विकायचं, पण सगळ्या खुर्च्या नाही. जो बऱ्याच आधी तिकीट काढतो, तारखा बदलत नाही, त्याला स्वस्त. जो शेवटच्या क्षणी येतो त्याला महाग. किती खुर्च्या स्वस्तात सोडायच्या आणि किती राखून ठेवायच्या, याचं गणित संगणक करणार. दोन वर्षांत पीपल एक्सप्रेसचं नाव पुसलं गेलं.

गणित हुशारीचं आहे, त्यात शंका नाही. १८० खुर्च्यांच्या विमानात बऱ्याचशा खुर्च्या खर्चही नीट न निघेल अशा भावात जातात, आणि शेवटच्या दोन दिवसांत विकलेल्या थोड्या खुर्च्या कंपनीला तारून नेतात. शेवटच्या दोन दिवसांत कोण येतं? एक तर कंपनीच्या पैशाने मीटिंगला जाणारा साहेब. गणित त्याच्यासाठीच मांडलेलं होतं. आणि दुसरा, ज्याला रात्री फोन आलाय तो. दोघांनाही उद्याच जायचंय, दोघंही भावाची घासाघीस करत नाहीत. संगणकाला दोघं अगदी सारखे दिसतात.

ही गोष्ट विमान कंपन्यांच्याही लक्षात आली होती बरं का. म्हणून तर अमेरिका-कॅनडात ‘बिरीव्हमेंट फेअर’ नावाचा प्रकार होता. घरात मृत्यू झाला असेल किंवा कुणी अत्यवस्थ असेल तर शेवटच्या क्षणाच्या भाड्यात सूट. आपण त्याला मयतीचं तिकीट म्हणू. आमच्या नात्यातला एक जण नव्वदच्या दशकात न्यू जर्सीत होता. वडील गेल्याचं कळल्यावर त्याने तिथल्या एका कंपनीला फोन लावला. पलीकडून बाईंनी आधी सांत्वन केलं, मग विचारलं, मृताचं नाव? नातं? हॉस्पिटलचं नाव? तिथल्या डॉक्टरांचा फोन नंबर? तालुक्याच्या गावी, घरातल्या खाटेवर गेलेल्या माणसाचा डॉक्टर कुठून आणणार! शेवटी त्याने गावातल्या कंपाउंडरचा नंबर दिला. सूट मिळाली, पण फोनवर अर्धा तास गेला. तो अजूनही ही गोष्ट सांगताना हसतो, आणि हसता हसता मध्येच गप्प होतो.

पुढे इंटरनेटवर तिकिटं आली आणि कंपन्यांनी हिशोब मांडला की सूट देऊनही हे भाडं कधी कधी नेटवरच्या साध्या भाड्यापेक्षा जास्तच निघतं, मग ठेवायचं कशाला. अमेरिकन आणि युनायटेड या दोघांनीही २०१४ च्या सुमारास ते बंद केलं. डेल्टाने ठेवलं, एअर कॅनडानेही ठेवलं. या एअर कॅनडाचं एक प्रकरण २०२४ च्या फेब्रुवारीत बरंच गाजलं. आजी गेली म्हणून निघालेल्या एका माणसाला कंपनीच्या वेबसाइटवरच्या बोलक्या यंत्राने सांगितलं की आधी पूर्ण भाड्याचं तिकीट काढा, सवलत नंतर मागता येते. त्याने काढलं. नंतर कंपनी म्हणाली, आमचा नियम तसा नाहीच. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणापुढे गेलं तेव्हा कंपनीचा एक युक्तिवाद असा होता की ते यंत्र म्हणजे एक स्वतंत्र बाब आहे, त्याच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही. न्यायाधिकरणाने तो मानला नाही आणि कंपनीला पैसे द्यायला लावले. रक्कम व्याज आणि खर्च धरून आठशे कॅनेडियन डॉलरच्या आसपास. एवढ्यासाठी एवढी मोठी कंपनी भांडली, याचं मला जास्त नवल वाटतं.

आपल्याकडे खाजगी कंपन्या आल्या त्या नव्वदच्या दशकात, १९५३ चा कायदा १९९४ साली रद्द झाला आणि २००३ साली एअर डेक्कनने रोज बदलणारी भाडी सर्वसामान्य केली. त्या काळी एक रुपयात विमान अशा जाहिराती होत्या, आठवतंय? एक रुपयाचं तिकीट ज्याला मिळालं त्याचं कौतुक पेपरात यायचं. त्याच विमानात बाकीच्यांनी किती दिले ते कुणी छापलं नाही.

आणि शेअर? जेट एअरवेजचा शेअर २००५ साली ११०० रुपयांना बाजारात आला आणि त्यावर उड्या पडल्या. १७ एप्रिल २०१९ ला तिचं शेवटचं विमान उतरलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढायचा आदेश दिला. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. वॉरन बफेटसारख्या माणसाने २००७ सालच्या आपल्या पत्रात गमतीने लिहिलं होतं की राइट बंधूंचं पहिलं विमान कुणीतरी वेळीच पाडलं असतं तर भांडवलदारांवर उपकार झाले असते. गंमत म्हणजे याच गृहस्थांनी २०१६ मध्ये पुन्हा विमान कंपन्यांचे शेअर घेतले आणि २०२० मध्ये करोनात सगळे विकून टाकले. अपवाद इंडिगोचा. २०१५ साली ७६५ रुपयांना आलेला शेअर २०२५ मध्ये पाच हजारांच्या वर गेला. भाच्याचा डोळा अर्थातच त्यावर आहे. त्याला मी एवढंच म्हणालो की घ्यायचा तर घे, पण हा नफा कुठून येतो ते माहीत असू दे.

आता थोडं घरचं. (घरच्यांना ही गोष्ट पाठ आहे, त्यांनी हा भाग सोडून पुढे जावं :) )

माझे वडील साठच्या दशकात जव्हारला शिक्षक होते. आमचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात. एका संध्याकाळी तार आली, ‘मदर सिरियस स्टार्ट इमिजिएटली’. त्या काळी तारेत ‘सिरियस’ लिहिलेलं असलं की लोक काय ते समजायचे. ‘एक्स्पायर्ड’ लिहिलं तर माणूस वाटेतच कोसळेल, म्हणून तार करणारेच सौम्य शब्द घालायचे. दयेचा हाही एक प्रकारच. शेवटची गाडी निघून गेली होती. वडील स्टँडवर गेले तर मुक्कामाची गाडी उभी होती, ड्रायव्हर-कंडक्टर आत पथारी पसरत होते. त्यांनी तार बघितली, काही विचारलं नाही, एका बाकावरचं सामान उचललं आणि म्हणाले, मास्तर, इथंच पडा, पहाटे पाचला निघू. सकाळी तिकीट मात्र पूर्ण फाडलं. ठाण्यापर्यंतचं जे भाडं होतं तेच, एक पैसा कमी नाही की जास्त नाही. वडील दुसऱ्या दिवशी रात्री गावी पोचले. मातीला काही ते पोचले नाहीत. पण त्या कंडक्टरचं नाव त्यांनी शेवटपर्यंत लक्षात ठेवलं होतं.

‘मातीला पोचणं’ याला इंग्रजीत काय म्हणतात मला माहीत नाही. आपल्याकडे लग्नाला आला नाही हे माणसं विसरतात, मातीला आला नाही हे दोन पिढ्या लक्षात ठेवतात. त्यामुळे प्रवासात दया असते ती मुळात वेळेची. पैशाची सवलत नंतरची.

या बाबतीत एसटीचा इतिहास मला विमानाच्या इतिहासापेक्षा थोर वाटतो, कुणी हसलं तरी चालेल. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली गाडी सुटली. तेव्हापासून साधारण एकच तत्त्व आहे, अंतरावर भाडं. मध्यंतरी दिवाळीत हंगामी वाढ होऊ लागली, तेवढा अपवाद. तुम्ही का चाललात, किती घाईत आहात, हे एसटी विचारत नाही आणि त्याचे पैसेही लावत नाही. बसायला जागा नसेल तर उभं राहून जाता येतं. विमानात ही सोय नाही. खाजगी बसवाल्यांनी विमानाची विद्या उचलली, सणासुदीला भाडी कुठच्या कुठे नेली, तेव्हा २०१८ साली सरकारला नियम करावा लागला की एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त घेऊ नका. तो कितपत पाळला जातो ते गणपतीत कोकणात जाणाऱ्यांना विचारा. रेल्वेत आपत्कालीन कोटा आहे, त्यात घरच्या मृत्यूसाठीही अर्ज करता येतो. पण अर्ज कुठे द्यायचा, कुणाचं पत्र जोडायचं हे माहीत असलेल्या माणसाला! बाकीच्यांना १९९७ पासून तत्काळ आहे, जादा पैसे भरून.

जव्हार-मोखाड्याची माणसं दिवाळीनंतर भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्टीवर जातात. गावाकडे कुणी गेलं की फोन मालकाकडे किंवा मुकादमाकडे येतो. उचल घेतलेली असते, त्यामुळे निघायला आधी परवानगी लागते, मग पैसे, मग गाडी. एसटी मिळाली तर ठीक, नाहीतर काळी-पिवळी जीप, नाहीतर जीप ठरवून जायचं. इथे मात्र शेवटच्या क्षणाचं भाडं सुरू होतं. रात्रीची वेळ, मयताचं कारण, जीपवाला म्हणेल तो आकडा. संगणक नाही, पण गणित तेच.

आणि मयत बरोबर न्यायचं असेल तर? २५ जानेवारी २०२२ च्या रात्री जव्हारच्या सरकारी रुग्णालयात मोखाडा तालुक्यातला सहा वर्षांचा एक मुलगा न्यूमोनियाने गेला. रुग्णवाहिकेच्या चालकांनी न्यायला नकार दिला आणि बापाने तो देह मोटरसायकलवर घेऊन कडाक्याच्या थंडीत घरी नेला. एसटीचा तो मोठा संप तेव्हा चालूच होता. बातमी आल्यावर चालकांवर कारवाई झाली. १०८ ची सेवा राज्यात २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, पण ती जिवंत माणसासाठी आहे, मृतासाठी नाही. नियम समजण्यासारखा आहे. एक गाडी मृतदेहात अडकली तर दुसरीकडे कुणीतरी जिवानिशी जाईल. पण मग मृतासाठी कोण? शववाहिका शहरात असते. पाड्यावरच्या माणसाच्या वाट्याला चालकाची मर्जी येते.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोच्या हजारो फेऱ्या रद्द झाल्या, आठवत असेल. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले आणि कंपनीने पुरेशी माणसं तयार ठेवली नव्हती. विमानतळांवर अडकलेल्या माणसांमध्ये अंत्यसंस्काराला निघालेली, अस्थी घेऊन निघालेली माणसं होती. दुसऱ्या कंपन्यांची भाडी गगनाला भिडली. तेव्हा सरकारने ६ डिसेंबरला कमाल भाडं ठरवून दिलं, ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, आणि जास्तीत जास्त अठरा हजार. म्हणजे भाड्याला लगाम घालता येतो तर! एरवी बाजाराचा नियम, बाजाराचा नियम म्हणून हात वर करतात. हा लगाम घालायला मात्र सगळ्यांचीच अडचण एकदम व्हावी लागली. एकेकट्याच्या घरी एकेक मृत्यू होतो तेव्हा कुणी परिपत्रक काढत नाही.

भाच्याला माझ्या या बोलण्याचा कंटाळा आला. तो म्हणाला, मामा, कंपनी म्हणजे धर्मशाळा नाही. खरं आहे. पण दया ही कंपनीला परवडत नाही असं मला आकडे बघून वाटत नाही. कॅनडातली एक कंपनी ती देते आणि टिकून आहे. आपल्याकडच्या ज्या बुडाल्या त्या इंधनाने, कर्जाने, मालकांच्या हौसेने बुडाल्या. मयतीच्या तिकिटाने बुडालेली एकही कंपनी मला या नव्वद वर्षांत सापडली नाही. मग वर्षाच्या सभेत एखाद्या शेअरहोल्डरने उठून हे विचारायला काय हरकत आहे? चार शेअर असलेल्यालाही बोलायचा हक्क असतो. तेवढ्यासाठी चार शेअर घे म्हटलं.

जून २०२५ चा दुसरा आठवडा. अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं तो. सगळा देश टीव्हीसमोर होता, आणि त्याच आठवड्यात मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या बाईला कळा सुरू झाल्या. सासर-माहेर करत, भट्टीवर राबत वाढलेल्या घरातली बाई. १०८ ला फोन केला, गाडी वेळेत आली नाही. खोडाळा, मग मोखाडा, मग नाशिक. पोटातच बाळ गेलं होतं. नाशिकच्या सरकारी रुग्णालयात मृत बाळ जन्मलं, आईला दाखल करून ठेवलं. बापाच्या हाती बाळ दिलं, गाडी मिळाली नाही. त्याने वीस रुपयांची एक पिशवी विकत घेतली, बाळाला कापडात गुंडाळून तीत ठेवलं आणि एसटीत बसला. ऐंशी-नव्वद किलोमीटरचा रस्ता. बरोबरच्या प्रवाशांना कळू दिलं नाही. घरी पोचून बाळाला पुरलं. बातमी आल्यावर अधिकाऱ्यांचे खुलासेही आले, ते येतातच.

बाळंतिणीला दवाखान्यातून घरी मोफत सोडायचं, असा नियम जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून आहे. एक-दोन दिवसांनी तो बाप बायकोला आणायला परत नाशिकला गेला. येताना दोघं एसटीनेच आली.